मोरगावचं बागायती डोकं

प्रयागआत्यांचा माझ्यावर विश्वास होता असं आमच्या पणदऱ्यात अजून कुणीकुणी म्हणतं. ते साफ खोटं आहे. त्यांचा विश्वास कुणावरच नव्हता. माझ्यावरचा संशय बाकीच्यांपेक्षा थोडा कमी होता, एवढंच, आणि तेवढ्यासाठीही मी स्वतःला नशीबवान समजायचे.

मी म्हाळसा. माझ्या सासूबाई फुलाबाई आणि प्रयागआत्या या चुलत जावा; फुलाबाई थोरल्या. दोन्ही घरांचं अंगण एकच, मधे कमरेएवढी भिंत. आमच्या बाजूला भाकरी करपली तर तिकडं वास जायचा, आणि ती कशामुळं करपली, कुणाचं लक्ष कुठं होतं, याचा तपास आमचं जेवण उरकायच्या आत आत्यांनी लावलेला असायचा.

सकाळी डेअरीत दूध घालायला त्या स्वतः जायच्या. घरात नवरा, तरणाताठा मुलगा असताना बाईनं किटली घेऊन का जावं, तर वाटेत कुणी पाणी घालू नये म्हणून. हे 'कुणी' म्हणजे नवरा किंवा मुलगाच. फॅट कालच्यापेक्षा कमी लागली की डेअरीतल्या माणसाला त्या शांतपणे विचारायच्या, "म्हशीनं काय केलं न्हाय. मी बी काय केलं न्हाय. मग कुणी केलं?" तो बिचारा नळी उजेडात धरून दाखवायचा. आत्या नळीकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघायच्या. पाहुणा दारात आला आणि "सहज आलो" म्हणाला, तर संपलंच. सहज कुणी येतं का, हा प्रश्न मग आठवडाभर घरात फिरायचा.

त्यांचा नवरा रामहरीतात्या. इतका गरीब स्वभावाचा माणूस की त्यांच्यावर संशय घ्यायला आत्यांना फार कष्ट पडायचे, पण त्या घ्यायच्या. तात्या फक्त हसायचे आणि गोठ्याकडं निघून जायचे.

घरातल्या खोबरेलाच्या बाटलीला आत्या दोरा बांधायच्या. तेल जिथवर असेल तिथं दोऱ्याचा वेढा. कुणी बोटभर जरी घेतलं तरी तेल दोऱ्याच्या खाली उतरलेलं दिसणार. थंडीत खोबरेल गोठलं की वर-खाली काही कळायचं नाही, म्हणून हिवाळ्यावरही त्यांचा राग. मग बाटली उन्हात ठेवायची, तेल पातळ होईपर्यंत शेजारी बसून राहायचं आणि दोरा बघायचा. मी एकदा म्हटलं, "आत्या, घरात माणसं तीन. त्यातल्या तात्यांच्या डोक्याला केस न्हाईत. चोरणार कोण?" त्या म्हणाल्या, "ज्याला केस न्हाईत त्योच इकत असंल."

पंच्याण्णव साली त्यांच्या शंभूराजचं लग्न झालं आणि योगिनी घरात आली. मोरगावची. तिकडं नुसती कोरडवाहू जमीन; ज्वारी, बाजरी आणि दारात चार शेळ्या. वडील आबाजी देवळाच्या वाटेवर शेती करून राहणारे, बोलायला मऊ. आमच्याकडं कालव्याचं पाणी, ऊस, कारखान्याचं सभासदत्व, त्यामुळं आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिच्याकडं जरा वरून बघितलं. पोरगी चुणचुणीत होती. काम झपाट्याचं, बोलणं नेमकं. पण तिचे केस!

सकाळी विंचरून वेणी घातली की दुपारपर्यंत केस टाळूला चिकटून बसायचे. भांग चमकायचा. कपाळावर तकाकी यायची, आणि टिकली तर तिच्या कपाळावर टिकायचीच नाही. उंबऱ्यावर, पिठाच्या डब्यात, एकदा तर तात्यांच्या चहाच्या कपात सापडली. संध्याकाळी बघावं तर वाटायचं, पोरीनं आत्ताच पळीभर तेल ओतून घेतलंय.

माझ्या सासूबाईंनी भिंतीवरून बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं प्रयाग, गाव कोरडवाहू अन् सुनंचं डोकं बागायती!" दोन्हीकडच्या बायका हसल्या. योगिनीही हसली. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्या घरात गेल्या आणि बाटलीचा दोरा बघून आल्या.

पहिले काही दिवस योगिनी एक दिवसाआड डोकं धुवायची. तिच्या माहेरी पाण्याची टंचाई असूनही ती तसंच करायची, कारण तिला बरं वाटायचं. पण आमच्याकडं बाईचं डोक्यावरून न्हाणं ही तिच्या एकटीची गोष्ट नसते. महिन्याची अडचण आली की चौथ्या दिवशी बाई डोक्यावरून न्हाते. त्यामुळं नवी सून अंगणात केस वाळवत बसली की आळीतल्या सगळ्या बायकांना कळतं, या महिन्यातही काही नाही. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, पण सगळ्याजणी मनात टिपून ठेवतात. अशा ठिकाणी ही पोरगी परवा न्हाली आणि आज परत न्हाली तर काय होणार?

आत्यांनी मला भिंतीशी बोलावून घेतलं. "म्हाळसा, हिच्या अंगात काय बिघाड हाय का गं? परवा डोक्यावरनं, आज डोक्यावरनं. ही कसली पाळी? मोरगावकरांनी लपवून पोरगी दिली का?"

"आत्या, डोकं तेलकट होतंय म्हणून धुतीय ती."

"तेल लावत न्हाय म्हंती अन् तेलकट कसं व्हईल?"

मग त्यांनी योगिनीला सांगून टाकलं. घरची रीत म्हणून डोकं महिन्यातून एकदाच धुवायचं. बाकी दिवस अंगावरून पाणी. योगिनीनं मान हलवली. आणि मग व्हायचं तेच झालं. केस आणखी चिकट, आणखी चमकणारे, उशीचा अभ्रा पिवळा. जितकं तेल दिसेल तितका आत्यांचा संशय वाढायचा, आणि संशय वाढला की न्हाणीवरचा पहारा वाढायचा.

गंमत अशी की बाटलीचा दोरा जागचा हलत नव्हता. दुसऱ्या कुणाला यानं हायसं वाटलं असतं. आत्यांना धडकी भरली. घरचं तेल जात नाही, म्हणजे बाहेरून येतंय. बाहेरून येतंय, म्हणजे कुणीतरी आणून देतंय. मग पदर सारखा करायच्या निमित्तानं, उवा बघायच्या निमित्तानं त्या सुनेचं डोकं हुंगायला लागल्या. खोबरेलाचा वास नाही, चमेलीचा नाही, शेंगतेलाचा नाही. मला म्हणाल्या, "बिनवासाचं तेल कुटं मिळतं गं?" डोळ्यांत तेल घालून पहारा म्हणतात तो मी त्या वर्षी बघितला, आणि तो डोक्यातल्या तेलासाठी होता.

एक दिवस आत्या मुठीत काहीतरी घेऊन आल्या. उकिरड्यावर सापडलेली, राखेनं माखलेली शांपूची रिकामी पुडी. तिच्यावर मोकळ्या केसांच्या बाईचं चित्र. आत्यांना वाचता येत नव्हतं. "वाच. ह्ये प्यायचं असतं का लावायचं?"

मी सांगितलं, डोकं धुवायचं असतं, शंभूभावोजींनी बारामतीहून आणलं असेल. त्यांनी पुडी परत माझ्या हातातून घेतली, चित्रातल्या बाईकडं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर पदर न्हाय अन् हिचं ऐकून माझा शंभू मला चोरून बायकोला पुड्या आणतो." त्या दिवसापासून पोरगाही आरोपींत गेला. शंभूराज आईसमोर कधीच बोलायचा नाही. त्याला जे बोलायचं ते तो म्हशीपाशी बोलायचा.

मला संताप यायचा. कालव्यावर धुणं धुताना योगिनी मला म्हणाली, "जाऊबाई, माझ्या आईचं बी डोकं असंच हाय. ती रोज धुती, तिला कुणी इचारत न्हाय. हितं धुतलं तर मोजत्यात, न्हाय धुतलं तर हुंगत्यात. मी करू काय?" बोलताना ती पदराखाली हात घालून टाळू खाजवत होती. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पाळणा हलला नव्हता, आणि आत्या आता उघड बोलायला लागल्या होत्या. या हंगामाचा ऊस गेला की पोरीला मोरगावला पोचवायची आणि शंभूला दुसरी बघायची. ही धमकी नव्हती. आत्या धमकी देत नसत, आधी सांगून ठेवत असत.

मीच मग डोकं चालवलं. आत्यांना म्हटलं, "तुमाला वाटतंय ना कायतरी रोग हाय? मग बारामतीला कातडीच्या डॉक्टरला दाखवू. रोग निघाला तर मोरगावकरांस्नी इचारता तरी येईल." हे त्यांना पटलं. पण डॉक्टर काय बोलतो ते ऐकायला साक्षीदार हवा, म्हणून मलाही एसटीत बसवलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी योगिनीच्या केसांत भांग पाडून पाडून बघितलं आणि हसून म्हणाले, "रोग काही नाही. डोक्याच्या कातडीत केसांच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात, त्यांतून तेल पाझरतं. सगळ्यांच्याच डोक्यात पाझरतं. ते नसेल तर कातडी आणि केस कोरडे पडतील. कुणाच्या ग्रंथींतून कमी येतं, कुणाच्या जास्त. आईचं असं असेल तर मुलीचंही असतं, आणि तरुण वयात जरा जास्तच."

"म्हंजी बाहेरनं लावलेलं न्हाय?" आत्यांनी विचारलं.

"नाही. आतूनच येतं. आणि धुतलं नाही की साचत जातं. त्यात चुलीपुढचा घाम, दिवसभर डोक्यावर पदर, धूळ, सगळं चिकटून बसतं. एक दिवसाआड शिकेकाईनं नाहीतर साध्या शांपूनं धुवा. धुण्याचा साबण डोक्याला लावायचा नाही, नखांनी घासायचं नाही, वरून तेल थापायचं नाही. एवढंच औषध."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं कुणीतरी तिच्या बाजूनं बोललं होतं. मी आत्यांकडं बघितलं. त्या पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं गाव कोणचं म्हणायचं?"

"जेजुरी."

आत्या उठल्याच. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस? जेजुरी. मोरगावच्या शेजारचं. आपल्या भागातल्या पोरीची बाजू घेणारच की त्यो." परत येताना एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या, योगिनी त्यांच्या शेजारी, आणि पणदऱ्याच्या फाट्यापर्यंत आत्या तिच्या डोक्याकडं तिरक्या नजरेनं बघत होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी मी एक गोष्ट बघितली आणि विसरून गेले. आत्यांनी एका दुपारी स्वतःच्या हातानं योगिनीचं डोकं शिकेकाईनं धुतलं, वाळवलं, आणि त्यावर तात्यांच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं करकचून बांधलं. योगिनी ते डोक्याला बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत फिरत होती. मी विचारलं तर आत्या म्हणाल्या, उवांचं औषध लावलंय. पुढच्या आठवड्यात परत तेच, या वेळी नव्या मांजरपाटाचं फडकं. मला वाटलं, उवा चिवट असतील.

त्याच हिवाळ्यात रामहरीतात्या गेले. सकाळी गोठ्यातून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मान कलली होती. शांत माणूस शांतपणे गेला. आत्यांना कुणावर संशय घ्यायला जागाच उरली नाही. त्या रडल्या नाहीत. गळ्यातलं मंगळसूत्र उतरवलं तेव्हाही रडल्या नाहीत. संध्याकाळी मी बघितलं तर त्यांच्या मोकळ्या गळ्यात एक काळा दोरा होता आणि दोऱ्यात किल्ली. सुतकात घरात तेल वापरायचं नसतं, म्हणून दिव्याचं तेल सोडून बाकी सगळं तेल, खोबरेलाच्या बाटलीसकट, त्यांनी लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवलं होतं.

सुतकाचे दहा दिवस भावकीतल्या बायका डोक्याला तेल लावत नाहीत, केस धुवत नाहीत, फणी घालत नाहीत. माझे केस पाचव्या-सहाव्या दिवशी काथ्यासारखे झाले. सासूबाईंचे तर उभे राहायला लागले. बाकीच्याही तशाच भुरकट, पिंजारलेल्या. आणि त्यात योगिनी! तिचे केस टाळूला चापून बसलेले, भांग लखलखीत, बटा ओल्यासारख्या. सांत्वनाला आलेल्या बायका आत्यांच्या गळ्यात पडायच्या आणि खांद्यावरून सुनेच्या डोक्याकडं बघायच्या. कुजबूज सुरू झाली. सासरा मेला आणि ही तेल लावून बसलीय! पदर खाली ओढून ओढून पोरीनं मान वर करायचं सोडून दिलं.

मी आत्यांच्या तोंडाकडं बघत होते. एवढी कुजबूज त्यांच्या कानांवर गेली नसेल हे शक्यच नव्हतं. पण त्या भिंतीला टेकून गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा वाईट वाटत होतं. आता ही पोरगी घरात राहत नाही, हे मी धरून चालले होते.

दहाव्याला पुरुषमाणसं कालव्यावर गेली. योगिनीचे वडील आबाजी मोरगावहून आले होते, ते विधी उरकून परत येऊन ओसरीवर टॉवेलनं तोंड पुसत बसले होते. आमच्याकडं दहाव्याला बायकांचं सुतक फिटतं ते तेलानं. घरातल्या सगळ्या बायका ओळीनं पाटावर बसतात, भावकीतली थोरली बाई वाटी घेऊन एकेकीच्या टाळूवर बोटभर तेल घालते, आणि मग सगळ्याजणी डोक्यावरून न्हातात. जिला तेल लागलं ती घरची. आत्यांनी गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडली, वाटीत तेल ओतलं आणि वाटी माझ्या सासूबाईंच्या हातात दिली.

सासूबाईंनी पहिल्यांदा आत्यांच्या टाळूवर तेल घातलं, मग माझ्या. माझ्यानंतर योगिनी. तिनं पदर मागं सारला, मान खाली घातली. सासूबाई थांबल्या. वाटी त्यांनी छातीशी धरली.

"हिला मी तेल लावणार न्हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हिच्या डोक्याला आदीच तेल हाय. घरात मढं पडलं अन् हिनं नटायचं सोडलं न्हाय. आबाजी, ऐकताय न्हवं? पोरीला आजच्या आज घेऊन जावा."

ओसरीवर आबाजी उभे राहिले. "बाई, माझी पोर तसं करायची न्हाय," एवढंच ते म्हणू शकले. योगिनी पाटावर तशीच बसून होती. शंभूराज दारात आला आणि आईकडं बघून तिथंच थांबला. मला वाटलं आता मीच ओरडावं, पण सासू माझी आणि वाटी तिच्या हातात.

"अक्का," आत्या म्हणाल्या. "वाटी हिकडं द्या."

"का?"

"द्या म्हंते ना. तेल तिनं लावलं न्हाय."

"तुला काय ठावं?"

"मला न्हाय ठावं तर कुणाला ठावं!" आत्या पाटावरून उठल्या. "ह्ये गेले त्या दिवसापास्नं तेल कुलपात हाय अन् किल्ली माझ्या गळ्यात. तुमी म्हणाल बाहेरनं आणलं. कुठनं आणलं? तिची पेटी मी उघडून बघितलीय. एकदा न्हाय, लई येळा. लुगड्यांच्या घड्या मोडून बघितल्यात. तिची उशी हुंगलीय. ती कालव्यावर गेली तर मागनं गेलीय. परसाकडं गेली तरी मागनं गेलीय. तिचं डोकं मी ह्या हातानं धुतलं, फडकं बांधलं, माझी गाठ मारली. माझी गाठ दुसऱ्याला सुटत न्हाय. दुसऱ्या दिवशी गाठ तशीच अन् फडकं तेलानं पिवळं. मला वाटलं धोतरालाच तेल असंल. मग कोरं मांजरपाट आणलं. ते बी पिवळं. तेल तिच्या टाळूतनंच येतंय, अक्का. माझ्याएवढा संशय ह्या पंचक्रोशीत कुणी घेतलाय का? दोन वरसं हुडकून मला घावलं न्हाय, ते तुमाला हितं उभ्या उभ्या कुठनं घावलं?"

त्यांनी सासूबाईंच्या हातातून वाटी काढून घेतली. दहा दिवसांच्या विधवेनं दुसरीच्या टाळूवर तेल घालायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. आत्यांनी बोट बुडवलं आणि ज्या डोक्याला तेलाची काडीची गरज नव्हती त्या डोक्यावर ते टेकवलं.

मला वाटलं, सुटली पोरगी. पण योगिनीनं मान वर केली आणि सरळ आत्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"माझी पेटी उघडली व्हय तुमी?" ती म्हणाली. "माझ्या आईनं दिलेली पेटी. आदी इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू आवरून ठेवलं असतंस," आत्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर होतं.

"अन् उवा?"

"उवा नव्हत्या."

योगिनी उठली. "आबा, थांबा," तिनं ओसरीकडं सांगितलं. "मी येते तुमच्यासंगं. मी हितं न्हाणार न्हाय. मोरगावला जाऊन न्हाईन." ती आत गेली आणि तिनं पेटी ओढल्याचा आवाज आला. बायका हळूहळू पाटावरून उठल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून भिंतीपलीकडं निघून गेल्या. शंभूराज बायकोच्या मागं आत गेला, आणि त्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातून ऐकला. तो काय बोलला ते कळलं नाही.

आत्या अंगणात एकट्या उभ्या होत्या. मग मागच्या दारी गेल्या. मी मागोमाग गेले. त्या बंबापाशी बसून उसाचं वाळलेलं पाचट कोंबत होत्या. पाणी आधीच सगळ्यांच्या आंघोळीपुरतं तापलं होतं, तरी कोंबत होत्या.

"म्हाळसा, त्यो जेजुरीचा डॉक्टर काय म्हणला हुता? धुतलं न्हाय की काय हुतं?"

"साचतं म्हणाला."

"मी धुऊ दिलं न्हाय."

"न्हाय दिलं तुमी."

"म्हंजी तिच्या डोक्यात तेल मीच घातलं अन् चोर बी मीच हुडकत बसले." असं म्हणून त्या रडायला लागल्या. तात्या गेल्यापासूनचं सगळं रडणं त्या तिथं रडल्या, धुराकडं तोंड करून. मला त्यांचा इतका राग होता, तरी मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डोळे पुसून त्या उठल्या आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "योगिनी! पाणी तापलंय. आज न्हा. उद्या बी न्हा, परवा बी न्हा. रोज डोक्यावरनं न्हा. बंब मी पेटवीन. ह्या घरात कुणी मोजणार न्हाय."

भिंतीपलीकडून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. "रोज डोक्यावरनं? अगं, लोक काय म्हणतील प्रयाग?"

"लोकांस्नी सांगा, डोकं बागायती हाय," आत्या म्हणाल्या. "रोज पाणी लागतं."

ओसरीवर आबाजी पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. आत्यांनी बादली भरली, न्हाणीत नेऊन ठेवली, शिकेकाईचा वाडगा शेजारी ठेवला. बऱ्याच वेळानं योगिनी मागच्या दारात आली. रडून डोळे सुजले होते. खांद्यावर पंचा होता, हातात पेटी नव्हती.

तिनं आत्यांकडं बघितलं. आत्यांनी न्हाणीकडं पाठ केली आणि त्या भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसल्या. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि तो थांबेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.